पात्याची हद्द जाणणारे शिकलगारसाहेब

सर्रर्र... सर्रर्र... कुंडलच्या शाळेत गुरुजी आमच्याकडून कविता म्हणून घेत आणि त्याच वेळी खिडकीबाहेर विळ्या-खुरप्यांना धार लावायचं चाक फिरू लागे. चाकाच्या लयीत आमची कविताही आपोआप लांबत जाई. एकदा गुरुजींनी एका मुलाला उभं केलं.

"काय रं दस्तगीर, ध्यान कवितेत हाय का चाकात?"

"चाकात, गुरुजी. बा लय घासाय लागलाय. विळा पातळ हुईल."

सारा वर्ग हसला. आज पंच्याहत्तरी गाठणाऱ्या दस्तगीर शिकलगारसाहेबांची माझ्या मनातली पहिली ओळख ही अशी आहे. आम्ही एकमेकांना 'अरे-तुरे' करतो. गौरवग्रंथात तेवढं 'साहेब' लिहितो आहे. वाचून ते मला हसतील.

पुढे ते हवाई दलात गेले, मी मराठीचा मास्तर झालो. निवृत्तीनंतर एका विमान-प्रशिक्षण केंद्रात आमची पुन्हा गाठ पडली. मी तिथला पत्रव्यवहार पाहत असे. लहान विमानांचे पंखे तपासणं हे त्यांचं काम. धावपट्टीवरची खडी उडून पंख्याच्या पात्याला टवके पडतात. टवका तसाच ठेवला तर तिथून चीर धरते, म्हणून कानशीनं घासून कड गुळगुळीत करावी लागते. पण दर घासणीला पातं थोडं झिजतं. किती झिजलेलं चालेल याची हद्द पुस्तकात ठरलेली असते. शिकलगारसाहेब आधी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवत आणि मगच माप लावत.

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते रोज दुपारी घरी येऊन मला शालेय पुस्तकातल्या कविता वाचून दाखवत. एकेका ओळीखालून बोट फिरे, अडखळत, सावकाश. "हितं काय तरी खटकतंय गड्या," म्हणून थांबत. पाहावं तर खरोखरच त्या ओळीत छपाईची चूक असे.

आता जे लिहितो आहे, ते गौरवलेखात शोभणार नाही असं संपादकांचं म्हणणं पडलं. पण ते वगळून शिकलगारसाहेब सांगता येत नाहीत.

त्या वर्षी खंडेनवमीला पाहुणे येणार, म्हणून संचालकांनी पंखा चकचकीत करायला सांगितलं. कामगारांनी पॉलिश कागद मारमारून पाती चांदीसारखी केली. सकाळी साहेबांनी माप लावलं. टोकाजवळची जाडी हद्दीखाली गेली होती.

"एवढ्यानं काय होतंय? केसभरसुद्धा फरक नाही," संचालक म्हणाले.

"सायेब, आमच्या कुंडलात बांधाचा दगड केसभर सरकला तर डोकी फुटत्यात. हद्द ती हद्द. ह्यो पंखा बाद."

बाद पंखा कुणी पुन्हा बसवू नये म्हणून त्याचे तुकडे करायचे असतात. साहेबांनी करवत हातात घेतलीही होती. पण पाहुणे दारात आले होते. संचालकांनी ती करवत त्यांच्या हातातून घेऊन इतर हत्यारांबरोबर पूजेत मांडली. हळदकुंकू वाहिलं गेलं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा आम्हा सर्वांचाच रिवाज. शिकलगारांच्या घरातही त्या दिवशी चाक थांबलेलं असे. साहेबांनी पंख्याला 'बाद'ची खूण म्हणून लाल फीत बांधली आणि ते घरी गेले.

दसऱ्यानंतर पंखा जागेवर नव्हता. "पंखा कुठं?" एवढंच विचारल्यावर साहेबांची नोकरी गेली. काही महिन्यांनी दूरच्या एका धावपट्टीवर उड्डाण करताच एका विमानाच्या पात्याचं टोक तुटलं. साताऱ्याच्या एका माजी सैनिकाचा मुलगा, वैमानिक संग्राम, त्यात गेला. पंखा तोच होता, लाल फीत काढून बसवलेला. चौकशीत साहेबांनी सारं सांगितलं. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. स्वतःकडे बोट दाखवलं ते त्यांनीच.

"नुसतं न्हाई म्हनलो मी, मास्तर. कापाया पायजे हुतं. देवानं काय हात धरला न्हवता."

तेव्हापासून ते अधूनमधून सांगलीहून साताऱ्याची एसटी धरतात. संग्रामच्या घराच्या गल्लीपर्यंत जातात आणि कोपऱ्यावरून परत फिरतात. संचालकांसमोर ताठ उभा राहिलेला हा माणूस त्या मुलाच्या आईसमोर उभा राहू शकलेला नाही.

सांगलीत विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी मी हा लेख त्यांना वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, "माझी पंच्याहत्तरी कसली करता रं? त्या पोराला पंचविशी गावली न्हाई."

तरीही मी शेवट वाचला : शिकलगारसाहेबांना उदंड आयुष्य लाभो, बोटांतली जाण शाबूत राहो, आणि रात्री त्यांना झोप लागो.

लेख इथेच संपायचा होता. तेवढ्यात कडी वाजली. साहेबांच्या पत्नी रेहानावहिनींनी दार उघडलं. उन्हातून आलेल्या, साठीच्या एक बाई दारात उभ्या होत्या, हातात एसटीचं तिकीट तसंच.

"मी संग्रामची आई," त्या म्हणाल्या. साहेब खुर्चीतून उठले, पण त्यांना पुढे पाऊल टाकवेना.

"आवं, चौकशीत लांबनं बघितलं हुतं तुमास्नी, पत्ता बी तिथंच गावला. खिडकीतनं बघत असते मी. दर येळंला कोपऱ्यावरनं माघारी जाताय." बाईंनी चपला काढल्या. "म्हटलं, आता आपनच जावं."