झिबुसेला घरी आणताना

काटेरी फांदी कुणी धरायची, यावरून मसिंगातल्या मचुनू कुळाच्या घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी कोंदेनी म्हणाली, “नवरा माझा. बावीस वर्षं वाट मी पाहिली. आणीन तर मीच.”

जोहान्सबर्गच्या खाणींतलं सोनं कुणाच्या गळ्यात पडलं कोण जाणे, मसिंगाच्या बायकांच्या गळ्यात मात्र वाट पाहणं पडलं. खाणीत कामाला गेलेला झिबुसे बावीस वर्षांत चारदा घरी आला. कोंदेनीनं झोपडी शाकारली, त्याच्या आईचं हगमूत काढलं, तिला मातीही दिली. कायमचा परत ये म्हणून त्याला तेरा निरोप धाडले. आला नाही. शेवटी शवपेटी आली. ती गुरांच्या गोठ्याशेजारी पुरली. पण प्राण जोहान्सबर्गात गेला, म्हणजे आत्मा तिथंच अडकलेला. तो काटेरी फांदीवर बसवून घरी आणायचा होता.

“‘झिबुसे’ असं नाव घेऊन हाक मारल्याशिवाय तो उठायचा नाही,” सोबत आलेल्या दिरानं, फलाखेनं, पुन्हा बजावलं. “आणि फांदी हातात असेपर्यंत फक्त त्याच्याशी बोलायचं. दुसऱ्या कुणाशी बोललीस की गेला.”

“इतकी वर्षं तोंड शिवूनच बसलेय. एका दिवसानं काय मरत नाही.”

जोहान्सबर्गातली त्याची खोली पत्र्याची होती. दार पुलेंगनं उघडलं. झिबुसे राहायचा तो हिच्याजवळ. फलाखे शरमेनं बाहेरच थांबला. खिळ्याला झिबुसेचा सदरा अजून लटकत होता.

“ताई, थडगं तुमच्याकडे आहे,” पुलेंग म्हणाली. “माझ्याकडे काय आहे? त्याचा आत्मा तरी राहू द्या.”

फांदी हातात होती, पुलेंगशी बोलता येत नव्हतं. कोंदेनी फांदीलाच, नवऱ्याच्या कुळाच्या नावानं, म्हणाली, “मचुनू, विचार हिला, मरताना माझी आठवण काढलीस का?”

पुलेंगनं मान खाली घातली. “घरी जायचं, घरी जायचं म्हणत होता. मी म्हटलं, अरे, घरीच तर आहेस. मग शांत झाला.”

त्या बाईचा कोंदेनीला राग आला, आणि कीवही आली. तिनं फांदी जमिनीला टेकवली, ओठ हलवले. पण ‘झिबुसे’ अशी हाक मारली नाही. जिवंत माणसाला तेरा हाका मारून झाल्या होत्या.

परतीच्या गाडीत तीन जागा घेतल्या, एक झिबुसेच्या आत्म्यासाठी. दर पुलावर ती फलाखेला ऐकू जाईल असं म्हणत राहिली, “मचुनू, नदी आली, सांभाळून.”

घरी बकरा कापला. फांदी झोपडीच्या मागच्या कोपऱ्यात, पूर्वजांच्या जागी ठेवली. फलाखेचे डोळे भरून आले. “वहिनी, आला एकदाचा दादा. आता एकटी नाहीस तू.”

कोंदेनी पुढं एकोणीस वर्षं जगली. दर कार्याला ती ज्वारीच्या बिअरचं मडकं त्या कोपऱ्यात ठेवायची, सगळ्यांदेखत नवऱ्याला घरची खुशाली सांगायची. आणि तिथं ऐकायला कुणी नाही, हे त्या भरल्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं.