वाईच पाणी

आमचा स्विमिंग पूल शंकरमामांनी रिकामा केला नव्हता. मी केला होता.

शंकरमामा आज सकाळी हुपरीला, लेकीच्या घरी वारले. आता तरी हे लिहितोय. लाज वाटते, पण लिहितोय.

मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. गडमुडशिंगीला आमच्या बंगल्यामागं अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, हौसेनं पूल बसवला. फायबरचा, तयार, जमिनीत पुरलेला. तो सांभाळायला मामा यायचे. कॉलनीतल्या सगळ्याच बंगल्यांचे पूल त्यांच्याकडं होते. आम्ही पूल म्हणायचो, ते हौद म्हणायचे.

दिवाळी झाली की थंडीसाठी पूल बंद करायचा.

ते काम मामा असं करायचे, की बघत बसावं. तळ झाडूनं घासायचा. पंपाच्या जाळीतली पानं काढायची. पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा. पंपात, पाइपात थेंब ठेवायचा नाही. मोटरीवर खताचं रिकामं पोतं घालून सुतळीनं आवळायचं आणि वर तिला म्हणायचं, "झोप आता, बाई."

मग पुलाचं पाणी हातभर खाली घ्यायचं. बास. बाकीचं तसंच ठेवून वर ताडपत्री.

हे घडलं त्या वर्षी मी नोकरी सोडून पुण्याहून घरी आलो होतो. इंजिनिअर. त्यात यूट्यूब बघितलेला. म्हणजे दीडशहाणाच की!

मी म्हटलं, "मामा, पाणी सगळंच काढूया. साचून शेवाळ धरतंय."

"नगं दादा. वाईच पाणी ऱ्हाऊ द्या. हौद कोरडा ठिवायचा नसतोय."

"का?"

"रिकामा हौद जाग्यावर ऱ्हात न्हाय."

मी हसलो. म्हटलं, "मामा, हा काय देवघरातला तांब्या आहे का, सदा भरलेला ठेवायला? ही अंधश्रद्धा झाली."

मामा पण हसले. "तसं म्हना. पर वाईच ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी ते लेकीकडं हुपरीला गेले. मी पाणबुडी मोटर आणली, पुलात सोडली, तिची वायर माझ्या खोलीच्या खिडकीतून आत घेतली आणि पूल कोरडा ठणठणीत केला. फोटो काढून स्टेटसलासुद्धा ठेवणार होतो. ठेवला नाही, म्हणून तर वाचलो.

आमच्या कंपाउंडला लागून ऊस आहे. दोन दिवस त्याला पाणी चालू होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पूल एका बाजूनं वीतभर वर आलेला. कडेच्या फरश्या उखडलेल्या, पाइप तुटलेला. जमिनीत मुरलेल्या पाण्यानं रिकामा हौद खालून उचलला होता. आत पाणी असतं, तर त्या वजनानं तो दबून राहिला असता.

हे मी इंजिनिअरिंगला शिकलोय. पेपरात लिहून मार्क घेतलेत. मामांनी तेच "वाईच" म्हणून सांगितलं आणि मला ती अंधश्रद्धा वाटली.

मामा नेमके तेव्हाच आले. अण्णा पुलाकडेला उभे होते. आयुष्यभर फाउंड्रीत ओरडून तयार झालेला त्यांचा आवाज.

"शंकर, पाणी कुणी काढलं रं?"

मामांनी तोंड उघडायच्या आत मी बोललो. "मामांनीच, अण्णा. मी नको म्हणत होतो."

मी नको म्हणत होतो! एवढंसुद्धा सोडलं नाही मी.

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग पुलाच्या तळाला पडलेल्या मोटरीकडं, आणि तिथून माझ्या खिडकीत गेलेल्या वायरकडं. अण्णांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"व्हय अण्णा. चुकलं माझं."

अण्णा शिव्या घालत होते आणि मामा खाली वाकून ती वायर गुंडाळत होते. गुंडाळी करून खिडकीतून माझ्या खोलीत ठेवली. मग चपला घालून गेले.

अण्णांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, शंकरला कामावर घेऊ नका. आठवड्यात सगळे बंगले सुटले. मामा हुपरीला लेकीकडं जाऊन चांदीच्या पैंजणांना पॉलिश मारत बसले. आयुष्य पाण्यात गेलेला माणूस.

मी तो मेसेज वाचला. गप्प बसलो.

एकदा हुपरीच्या स्टँडवर भेटले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. तेच जवळ आले. "हौद बरा हाय न्हवं, दादा?" म्हटलं, हाय, परत बसवून घेतला. "सॉरी" ओठावर आलं होतं. तेवढ्यात एसटी आली आणि मी चढलो. खरं सांगायचं, तर ती एसटी माझी नव्हतीच.

आज सुनंदाताईचा, त्यांच्या लेकीचा फोन आला. मामा गेल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा काल बोलत हुते. दिवाळी झाली, दादांना फोन कर. वाईच पाणी ठिवा म्हनावं."

फोन ठेवला आणि अण्णांना सगळं सांगितलं.

अण्णा म्हणाले, "त्यो का बोलला न्हाय?"

मग माझ्याकडं वळून, "आणि तू रं?"

मी लिहायला बसलो.

कॉलनीतल्या सगळ्यांनी हे वाचा. शंकरमामांची चूक नव्हती. ज्यांनी माझ्या घरच्यांच्या शब्दावर त्यांना काढलं, त्यांनी आज मला बोला. काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. हेच मी कॉलनीच्या ग्रुपवरही टाकलंय.

मामा, आता हुपरीला निघालोय. अण्णा पण गाडीत येऊन बसलेत. माफी मागायला फार उशीर केला मी.

पूल कालच बंद केलाय. वाईच पाणी ठेवलंय.

झोपा आता, मामा.