पाठीवरच्या नाड्या

रॉकेलचा वास हल्ली सहसा येत नाही, पण आला की मला नव्वदच्या दशकातली रोह्याच्या घरातली एक दुपार आठवते. माझी आत्या मुंबईत एका फॅशन डिझायनरकडे कपडे शिवायची. त्याच्या उघड्यावाघड्या कपड्यांवरून पेपरात शिव्या छापून यायच्या. येताना वाटेत पेणला उतरून पोह्याचे पापड आणणाऱ्या आत्याने त्या खेपेला माझ्यासाठी त्याचा एक काळा टॉप आणला. पुढून बंद गळ्याचा, पाठीवर मात्र नुसत्या रेशमी नाड्या. मी तो घालून आरशासमोर वळून वळून बघत होते आणि आत्या माझ्याकडे बघत होती, तेवढ्यात बाबा आले. “काढ तो,” ते मला म्हणाले. “दादा, मी माझ्या हाताने शिवलाय रे,” आत्या म्हणाली. “म्हणूनच. असल्या धंद्यापायी तुझं लग्न झालं नाय, आता हिला बिघडव.” मी टॉप काढून दिला. बाबांनी तो आईकडे फेकला आणि आईने आत्यादेखत त्याच टॉपने रॉकेलचा स्टोव्ह पुसला. आत्या ताटावर बसलीच नाही. ती संध्याकाळच्या गाडीने गेली आणि पुन्हा आली नाही. माझ्या लग्नाचं बाबांनी तिला कळवलंच नाही. गेल्या वर्षी ती वारली. परवा माझी मुलगी उघड्या पाठीचा ड्रेस घालून आजोबांच्या पाया पडली. “छान दिसतेस गो,” ते कौतुकाने म्हणाले. मला राहवलं नाही. मी आत्याच्या टॉपची आठवण काढली. त्यांनी जरा विचार केला आणि विचारलं, “कसला टॉप?”