पडद्यावरची ताई
बंद खोलीत तापलेल्या बल्बचा वास आला की मला साठच्या दशकातली हॅम्बर्गची एक ओली संध्याकाळ आठवते. मी तिथे पीएचडी करत होतो आणि वसतिगृहात शेजारी राहणाऱ्या जपानी मित्राला घेऊन एका स्लाइड शोला गेलो होतो. एक निवृत्त जर्मन गृहस्थ क्योटोत नाचगाण्यानं पाहुण्यांचं मन रमवणाऱ्या गेशांच्या वस्तीत केलेल्या पायी सहलीचे फोटो दाखवत होते. लाकडी घरं, कागदी कंदील, अरुंद गल्ल्या. “गेशा दिसली की आमचा गाइड टाळी वाजवायचा आणि आम्ही कॅमेरे घेऊन तिला गाठायचो,” ते म्हणाले, तसा हॉल हसला. पुढच्या फोटोत गेशाच्या वेशातली एक बाई भिंतीला टेकली होती. तोंड झाकायला तिनं बाही उचलली होती, पण चेहरा आधीच टिपला गेला होता. मित्रानं माझं मनगट घट्ट धरलं. “ही माझी ताई आहे,” तो कुजबुजला. “ती युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेली, असं बाबांनी आम्हाला सांगितलं होतं.” बाहेर पावसात मी म्हणालो, “अरे, जिवंत आहे ती! आजच घरी तार कर.” त्यानं नकारार्थी मान हलवली. “ती गेशा झाली, हे बाबांना ठाऊक असणारच. म्हणून तर त्यांनी तिला आमच्यासाठी मारून टाकलं.” मार्चमध्ये तिच्या श्राद्धाच्या दिवशी त्यानं दरवर्षीसारखा भाताचा वाडगा खिडकीत ठेवला आणि हात जोडले. “अजूनही?” मी दारातून विचारलं. “घरी आजही ठेवला असेल,” तो म्हणाला. त्याच वेळी क्योटोत ती कुठेतरी जेवायला बसली असेल, हे मला इतक्या वर्षांनीही मनातून काढता येत नाही.