जॉइसला न सांगितलेले सहा आठवडे

शुभा चिटणीस आमच्या शेजारी राहायच्या. अमेरिकेतल्या शॉमबर्गमधल्या आमच्या टाउनहाउसची आणि त्यांची एक भिंत सामाईक होती. मी नागपूरहून इथं नोकरीला आले त्या पहिल्या हिवाळ्यात गाडीवरचा बर्फ कसा खरवडायचा हे त्यांनीच दाखवलं. मी त्यांना काकू म्हणायला लागले ते तेव्हापासून.

काकू मूळच्या मिरजेच्या. बी. कॉम. झाल्या, श्रीरंगकाकांशी लग्न झालं आणि एक्क्याण्णव साली शिकागोजवळ आल्या. काका इंजिनिअर होते. सत्त्याण्णवमध्ये काकू एका कारखान्याच्या ऑफिसात ऑर्डरी लिहून घ्यायला लागल्या आणि सत्तावीस वर्षं तिथंच राहिल्या. कारखाना रबरी सील बनवायचा. डेअरीतल्या दुधाच्या नळ्यांच्या सांध्यात बसवतात ती रबराची कडी म्हणजे सील. "कडी गेली की नळी गळते, नळी गळली की डेअरी बंद," काकू सांगायच्या, "आणि गाईंना काही बंद करता येत नाही."

कंपनीचा दुसरा कारखाना इंग्लंडमध्ये होता, स्टॅफर्डजवळच्या एका लहान गावात. बेचाळीस माणसं. तो तिथं काढण्याचं कारण सोपं होतं. इंग्लंड तेव्हा युरोपियन युनियनमध्ये होतं, त्यामुळे सगळा युरोप एकच बाजार. दुपारी निघालेला ट्रक दुसऱ्या दिवशी हॉलंडमध्ये माल उतरवायचा आणि वाटेत कुणी त्याला आत काय आहे म्हणून विचारायचं नाही.

त्या कारखान्यात माल पाठवण्याचं काम जॉइस नावाची बाई बघायची. इथल्या सकाळी सात वाजता, म्हणजे तिकडे दुपारी एकला, काकू तिला फोन करायच्या. कुठल्या डेअरीला काय हवंय, कुठला ट्रक भरलाय, हे ठरायला दहा मिनिटं पुरायची. पण फोन अर्धा तास चालायचा. जॉइसच्या नवऱ्याचे, रॉनचे, गुडघे. अनयाची, काकूंच्या मुलीची, परीक्षा. जॉइसनं कधी विमानात पाय ठेवला नव्हता, काकूंना इंग्लंडला जायचं कधी जमलं नाही. युरोपचं काम काकूंकडे आल्यापासूनच्या बावीस वर्षांत दोघी एकमेकींना एकदाही भेटल्या नाहीत.

दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत श्रीरंगकाका हार्ट अटॅकनं गेले. अनया तेव्हा टेक्सासला शिकत होती. ती चौदा दिवस राहून परत गेली आणि काकू कामावर आल्या. सातला फोन लावला. जॉइसनं ऑर्डरीचा विषयच काढला नाही. म्हणाली, "तू बोलू नकोस, मी फोन ठेवत नाहीये." काकू रडल्या. तिकडून पॅकिंगच्या यंत्राचा आवाज येत होता आणि अधूनमधून जॉइस कुणाला तरी हळूच सांगत होती, आत्ता नको, नंतर ये. ही गोष्ट काकूंनी मला निदान चार वेळा सांगितली असेल.

सोळा साली इंग्लंडमध्ये मतदान झालं आणि देशानं युनियनमधून बाहेर पडायचं ठरवलं. त्या शुक्रवारी काकूंनी फोन करताच जॉइसनं आपणहून सांगून टाकलं, "शुभा, मीपण बाहेर पडायच्या बाजूनंच मत दिलं."

"अगं, पण तुमचा सगळा माल तिकडेच जातो ना?"

"जातो. पण इथं गावातला मातीच्या भांड्यांचा कारखाना बंद झाला, बस बंद झाली, पोस्ट बंद झालं. कुणी आम्हाला विचारलं नाही. या वेळी पहिल्यांदा विचारलं. मग मी नाही म्हटलं."

काकूंनी विषय बदलला. त्या म्हणाल्या, "बरं. आयर्लंडच्या ऑर्डरीचं काय झालं?"

पुढची साडेचार वर्षं काहीच बदललं नाही, नुसत्या बातम्या येत राहिल्या. एकवीसच्या जानेवारीत मात्र इंग्लंड त्या बाजारातून खरोखर बाहेर पडलं आणि पहिल्याच आठवड्यात ट्रक अडकले. आता प्रत्येक खोक्याबरोबर कागद हवे होते. एकाच ट्रकमध्ये दहा कंपन्यांचा माल असायचा. त्यातल्या एकाचा कागद चुकला तर बाकीचे नऊही बंदरावर उभे. शिवाय निम्मी सीलं इथं इलिनॉयमध्ये बनायची, स्टॅफर्डला जायची आणि तिथल्या सीलांबरोबर एका खोक्यात भरून युरोपात जायची. त्यांच्यावर इंग्लंडमध्ये शिरताना ड्यूटी, म्हणजे आयात कर, लागायची आणि युरोपात शिरताना पुन्हा.

जॉइस घरी जाऊन कस्टम्सचे फॉर्म शिकली. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तिनं ऑनलाइन कोर्स केला. काकू इथून तिला याद्या करून द्यायच्या, कुठली कडी कुठं बनली त्याच्या. दोघींनी मिळून ते गाडं दोन वर्षं ओढलं. पण डेअरीवाल्यांना सील उद्या हवं असतं, पुढच्या मंगळवारी नाही. आधी फ्रान्सचे गेले, मग डेन्मार्कचे. आयर्लंडच्या एका डेअरीचा म्हातारा मालक पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्यानं काकूंना स्वतः फोन केला. म्हणाला, "मॅम, तुमच्या मालाबद्दल तक्रार नाही. पण जर्मनीहून मागवलं की दोन दिवसांत येतं. मला माफ करा." स्टॅफर्डची बेचाळीस माणसं तीस झाली.

तेवीसच्या सप्टेंबरमध्ये मॅनेजरनं काकूंना केबिनमध्ये बोलावलं. स्टॅफर्डचा कारखाना बंद करायचा होता. युरोपसाठी हॉलंडमध्ये गोदाम घेतलं होतं, माल इथूनच थेट तिकडे जाणार होता. कुठल्या महिन्यात कुठलं यंत्र थांबवायचं, कुठली ऑर्डर कुठं वळवायची, याचा प्लॅन काकूंनी करायचा. ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्यांना सांगणार होते, तोपर्यंत कुणाला एक अक्षरही सांगायचं नाही. काकूंकडून त्यावर सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जॉइस म्हणाली, "शुभा, मला तुझा सल्ला हवाय. आमच्या गावच्या शाळेच्या ऑफिसात जागा निघालीये. घरापासून पाच मिनिटं. रॉनला आता जिना चढवत नाही, दुपारी घरी जाऊन त्याला जेवायला वाढता येईल. तू काय म्हणतेस?"

"घे की ती नोकरी," काकू पटकन म्हणाल्या. "चांगली आहे. घेच."

जॉइस हसली. "एवढी घाई? मला घालवायचंय की काय तुला?"

"नाही गं. तुझ्या सोयीचं आहे म्हणून म्हटलं."

"बघते. एकतीस वर्षं झाली इथं. आणि मी गेले तर हे कस्टम्सचं तुला कोण करून देणार? नवीन माणसाला शिकवायला वर्ष जाईल."

शाळेला उत्तर द्यायला तिच्याकडे तीन आठवडे होते.

त्याच सुमाराला मराठी मंडळाचा गणपती होता. मंडळ दरवर्षी इथल्या हायस्कूलचा हॉल भाड्यानं घेतं. आरती चालू असताना काकू उठून बाहेर गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून बघायला गेले, तर पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसले. तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं, सहीसकट.

"राधिका, तुझ्या आयटीत असं असतं का गं? काय करतात मग?"

मी तेव्हा नुकतीच टीम लीड झाले होते. मला सगळं कळतं असं वाटायचं. मी म्हटलं, "काकू, कॉर्पोरेटमध्ये असंच असतं. साइन केलंय ना तुम्ही? मग गप्प बसायचं. उद्या तुम्ही सांगितलं आणि लीक झालं, तर तुमची नोकरी जाईल. तुम्ही एकसष्टच्या. पासष्टला मिळणाऱ्या सरकारी मेडिकेअरला अजून चार वर्षं आहेत. नोकरीबरोबर इन्शुरन्सही जाईल, त्याचं काय करणार?"

काकूंना मधुमेह होता. इन्सुलिन चालू होतं. त्यांनी नुसती मान हलवली. "ती मूर्ख नाहीये गं," म्हणाल्या. "घेईल ती शाळेची नोकरी. मी तीनदा सांगितलंय तिला."

जॉइसनं घेतली नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी तिनं खुशीत सांगितलं, "कळवलं बाई त्यांना, नाही म्हणून. मनावरचं ओझं उतरलं. आपण दोघींनी इतकं ओढलंय, आता मधेच कुठं सोडायचं?"

काकूंच्या हातात फोन होता आणि समोरच्या स्क्रीनवर तो प्लॅन उघडा होता. जॉइसच्या नावापुढे मार्च लिहिलं होतं. "अजून त्यांना सांगता येईल का गं, विचार बदलला म्हणून?" काकूंनी विचारलं.

"का?"

"काही नाही. सहज."

जॉइस हॉलंडच्या ऑर्डरीबद्दल बोलायला लागली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी स्टॅफर्डच्या माणसांना कॅन्टीनमध्ये बोलावून सांगितलं. शुक्रवारी काकूंनी सातला फोन लावला. लावला नसता तरी चाललं असतं, पण त्यांनी लावला.

"तुला माहीत होतं?" जॉइसनं विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"सहा आठवडे."

"म्हणजे शाळेच्या आधीपासून."

"आदल्या दिवसापासून. जॉइस, मी सही केली होती, मला..."

"मला वाटलंच होतं, तू काहीतरी सांगतेयस," जॉइस म्हणाली. "मी रॉनला म्हटलंसुद्धा, शुभा विचित्र बोलत होती आज. मग मीच म्हटलं, नाही, काही असतं तर तिनं मला सांगितलं असतं."

पुढचे पाच महिने जॉइसनं काम चोख केलं. कागद वेळेवर, याद्या बरोबर. पण सगळं ईमेलवर. फोन केला तर दुसरंच कुणीतरी उचलायचं आणि जॉइस गोदामात आहे म्हणून सांगायचं. मार्चमध्ये शेवटचा ट्रक निघाला, त्याच्या कागदाखाली तिचं नाव होतं. त्या दिवशी काकूंनी तीन वेळा फोन लावला. तिसऱ्यांदा एका माणसानं उचलला, तो यंत्रं सोडवायला आलेला कंत्राटदार होता. म्हणाला, ऑफिसात कुणीच नाहीये.

जूनमध्ये काकूंचीही नोकरी गेली. हॉलंडचं गोदाम आता स्वतःच ऑर्डरी घेत होतं, मग इथं युरोपचं टेबल कशाला? कॉन्फरन्स रूममध्ये केक कापला. उरलेला अर्धा त्या माझ्याकडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या मुलाला दे, मला चालत नाही." इन्शुरन्ससाठी जी नोकरी जाईल म्हणून त्या घाबरून गप्प राहिल्या होत्या, ती नऊ महिनेच टिकली.

त्यांनी जॉइसला पत्र लिहिलं, हातानं. इंग्रजी बरोबर आहे का म्हणून मला दाखवलं. आठ पानं होती. मी काही बदललं नाही.

उत्तर यायला नोव्हेंबर उजाडला. एकच पान होतं. जॉइस आता एका सुपरमार्केटमध्ये पहाटे चारपासून फळ्यांवर माल लावते. रॉनची तब्येत तशीच. शाळेच्या जागी एक तरुण मुलगी लागली, चांगली आहे. आणि मग लिहिलं होतं, "कारखाना बंद पडला त्यात माझ्या मताचाही वाटा आहे, हे मी स्वतःला रोज सांगते. पण ते मत देताना माझ्यासमोर कुणाचं नाव नव्हतं. तुला माझं नाव माहीत होतं, शुभा."

काकूंनी लगेच एप्रिलचं मँचेस्टरचं तिकीट काढलं आणि तसं तिला कळवलं. जॉइसनं दोन ओळींचा ईमेल केला. आत्ता येऊ नकोस, माझ्यानं होणार नाही. काकूंनी तिकीट कॅन्सल केलं.

पंचवीसच्या मे महिन्यात त्यांनी घर विकलं आणि अनयाकडे टेक्सासमधल्या प्लेनोला जायचं ठरवलं. मी दोन दिवस त्यांना सामान बांधायला मदत केली. दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही दहीभात खात होतो, तेव्हा मला राहवलं नाही.

"काकू, त्या दिवशी गाडीत मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. उगाच मोठेपणा आणून बोलले."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "तू काय सांगणार हे मला माहीत होतं गं. म्हणून तर तुला सांगितलं. अनयाला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आई, आत्ताच्या आत्ता फोन कर तिला. तिला मी विचारलंच नाही."

"अजूनही नाही सांगितलं?"

"सांगेन आता. रोज समोर असणार आहे ती."

बाहेर सामान न्यायला आलेल्या मूव्हर्सच्या ट्रकचं दार बंद झाल्याचा आवाज आला. त्यांच्यातला एकजण कुठं सही करायची ते दाखवायला आत आला. काकूंनी पर्समधून चष्मा काढला, त्यानं आणलेलं पान वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं, आणि मग माझ्याकडे पेन मागितलं.