वेलांटी आधी की नंतर

आंजीजवळच्या एका शाळेत गोपिकाबाई लिपिक म्हणून लागल्या, त्याला एकवीस वर्षं झाली. दाखल्यावर नाव चुकलं तर मुलाला पुढे किती खेटे घालावे लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून प्रत्येक नाव त्या दोनदा वाचायच्या.

त्यांच्या संगणकाच्या कोपऱ्यात 'ही प्रत अस्सल नाही' अशी फिकट ओळ कायम दिसे. हिंगणघाटहून कुणीतरी आणलेल्या सीडीवरून त्यातली प्रणाली बसवलेली. बाईंना ती ओळ संगणकाचाच भाग वाटे. यंदा संस्थेनं ठरवलं, विनापरवाना काही ठेवायचं नाही. मोफत परवान्याची लिनक्स ही प्रणाली घ्यायची. ती बसवायला नालवाडीहून संगणकाची कामं करणारी वेदश्री आली.

"जुनी राहू दे न पोरी बाजूले. कोणाले काय त्रास?"

"काकू, ते चोरीचं होतं. हे कायद्यानं आपलं हाये. घरी न्या, चार जणींले वाटा, कोणी काई म्हणणार नाई."

कळफलकावरची अक्षरं तिनं जुन्याच जागी बसवून दिली. तरी पहिल्याच दाखल्यावर 'कविता'ची 'किवता' झाली. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी दाबायची. इथे अक्षर आधी, वेलांटी नंतर. डोक्याला ते कळलं, बोटांना कळेना. आठ दिवसांत अकरा दाखले फाडले गेले. कविताची आई दोनदा रिकाम्या हातानं परत गेली. दुसऱ्यांदा ती "उद्या येतो, बाई" म्हणून निघाली, तेच बाईंना लागलं.

त्या दुपारी त्यांनी एक अर्ज टाइप केला आणि मुख्याध्यापक मनोहररावांपुढे ठेवला.

"स्वेच्छानिवृत्ती, सर. आता मले नाई जमत."

मनोहररावांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "'गोिपका'? हे कोण? या नावाची लिपिक आपल्या शाळेत नाई. अशुद्ध अर्ज मी घेत नाई."

"हातानं लिहून देतो मंग."

"अर्ज टाइप केलेलाच पाहिजे. हा नियम तुमीच तं शिकवला मले."

बाई तणतणत जागेवर आल्या आणि वेदश्रीला फोन लावला. "तुह्या लिनक्सनं माह्यं नाव मोडलं न वं!"

"काकू, बाराखडी म्हणा. क ले वेलांटी म्हणता का वेलांटीले क?"

बाईंना हसू आलं. इतकी वर्षं त्या डोळ्यांनी टाइप करत होत्या. आता तोंडानं करायचं होतं. त्या पुटपुटू लागल्या, "प ले वेलांटी पि." पाचव्या खेपेला पडद्यावर 'गोपिका' उमटलं. त्या जरा वेळ आपल्या नावाकडे बघत राहिल्या. मग "न ले वेलांटी नि" म्हणत अख्खा अर्ज शुद्ध केला.

तो छापायला मात्र त्यांचा हात गेला नाही. त्यांनी कविताचा दाखला उघडला.

दुसऱ्या दिवशी कविताच्या आईनं नावाखालून बोट फिरवत दाखला वाचला, घडी घातली आणि पदराखाली धरला. "बरोबर हाये, बाई," एवढंच म्हणाली.

मनोहरराव दारात उभे होते. "अर्जाचं काय झालं?"

"तपासून राह्यली, सर," गोपिकाबाई मान वर न करता म्हणाल्या. "एक वेलांटी अजून खटकते."