स्लॅबवरची तालीम

विमलमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तेल्हाऱ्याच्या बाजारात मेथी निवडत होते. पलीकडून तिची शेजारीण म्हणाली, "वैशाली, मावशी गेल्या वं..." आणि पुढं तिला बोलताच येईना. समोरचा माणूस अडखळला तर त्याला वेळ द्यावा, मध्ये तोंड घालू नये, हे मावशीचंच शिकवणं. मी जुडी हातात धरून गप्प उभी राहिले. शेजारीण सावरली आणि तिनं नीट सांगितलं. सकाळचा चहा झाला, मावशी खुर्चीत टेकली आणि तशीच गेली. दीड महिना होत आला त्याला. रडून झालं माझं. आता तिच्याबद्दल लिहायला बसले, तर छाती अभिमानानं फुगते, त्याला मी काय करू!

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवून रिटायर झाली, पण तिचं शिकवणं काही रिटायर झालं नाही. क्लासची पोरं मुलाखतीआधी तिच्याकडं यायची, नवे नवे सरपंच यायचे. एकदा तर एक नवरदेवाचा बाप आला होता, व्याह्यांसमोर चार शब्द बोलायचे म्हणून घाम फुटलेला. भाषण मात्र ती कोणालाच लिहून द्यायची नाही. "माह्याकडं तयार भाषनं भेटत नाहीत," म्हणायची, "उभा राय अन् बोल." माईकसमोर तिची भाषा शुद्ध, घरी मात्र अस्सल वऱ्हाडी. दोन्ही तिच्या तोंडी सारख्याच शोभायच्या.

मी तिच्याकडं गेले ती तोंड पाडून. तेल्हाऱ्यात आम्हा बायांचा तुरीच्या डाळीचा गट आहे. तेव्हा स्वतःची मिल नव्हती. तूर घेऊन दुसऱ्याच्या मिलवर जायचं, बड्या लोकांचा माल निघेपर्यंत दारात बसायचं, आणि आपली पाळी आली की नेमकी लाइन जायची. एका योजनेतून मिल मिळणार होती, पण त्यासाठी अकोल्यात निवड करणाऱ्या साहेबांसमोर दहा मिनिटं बोलून गटाची बाजू मांडायची होती. गटाची सचिव मी, म्हणून बोलायचंही मीच. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. मंचावरच्या एकाचं जरी नाव राहिलं, तरी तो माणूस वर्षभर रामराम घेत नाही! मी सगळ्यांची नावं पदांसकट घेतली, स्वागत केलं, आभार मानले, गावाचा इतिहास सांगितला, आणि "आता आमच्या गटाविषयी" म्हणते न म्हणते तोच घंटी वाजली. मिल दुसऱ्या गटाला गेली. पुढच्या वर्षी आणखी एक संधी होती, मग योजनाच बंद.

हे ऐकून मावशी पोट धरधरून हसली. मला असा राग आला की विचारू नका. मग डोळे पुसत म्हणाली, "अवं पोरी, त्यायले माहीत हाये ते कोन हायेत. तू कोन हायेस ते सांग ना!"

उन्हाळा लागला होता. तिच्या स्लॅबवर शेजारच्या बाया सकाळीच कुरडया घालत. गव्हाचा चीक गरम आहे तोवरच साच्यातून पडतो, म्हणून कोणाला मान वर करायचीही फुरसत नाही. मावशीनं मला मुक्कामाला ठेवून घेतलं आणि तिथंच उभं केलं. "बोल यांच्यासमोर." मी माझ्या परीनं छान बोलले... लाभार्थी, सक्षमीकरण, सगळं आलं त्यात. संपल्यावर मावशीनं बायांना विचारलं, "ही काय म्हनत होती वं?" एक म्हणाली, "काहीतरी मशीनचं होतं बाप्पा." झालं! ही तिची परीक्षा. ऐकणाऱ्यानं आपल्या शब्दांत परत सांगितलं तर भाषण पास, टाळ्या गेल्या चुलीत. रोज सकाळी मी उभी राहायची आणि रोज नापास व्हायची. मग एके दिवशी वैतागून म्हटलं, "आम्ही आमचीच तूर घेऊन लोकांच्या दारात भिकाऱ्यासारख्या बसतो, बस्स!" तर साचा फिरवणारी बाई फिरवता फिरवता म्हणाली, "आपल्याच तुरीसाठी दुसऱ्याच्या दारात? हे काय बरं झालं वं?" मावशीनं तिथंच माझी पाठ थोपटली. हेच माझं पहिलं वाक्य झालं. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ कर, मधलं तुझ्या पोटातलं बोल, एवढाच तिचा नियम.

खरी गंमत पुढं. संध्याकाळी ती साहेब व्हायची, चष्मा नाकावर ओढून आडवेतिडवे प्रश्न विचारायची. एकदा म्हणाली, "मिल भेटली की चालवतीन तुमचे नवरेच. तुमी निरा कागदावर. हो का नाही?" मी ठसक्यात म्हटलं, "मुळीच नाही साहेब!" मावशीनं चष्मा काढला. "असं तं समदेच म्हनतात. खरं सांग." माझा तोल गेला. "खरं सांगू? जाईलच त्यांच्या हातात! आमच्यात मशीन चालवता येते कोणाला?" "मंग भाषन काहून सजवून राहिली? आधी मशीन शिका!" बोलण्याची तयारी म्हणजे शब्दांची तयारी, असं मी तोवर समजत होते. अचलपूरला तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मिल होती. आमच्या गटातली चंद्रकलाकाकू, जी बैठकीत पदर तोंडाशी धरून बसायची, तीच म्हणाली, "मी जातो." एसटीनं जाऊन, तिथं मुक्काम करून ती मशीन शिकली. पट्टा बदलण्यापासून सगळं.

अकोल्याला मावशी माझ्यासोबत आली ती आदल्या दिवशी. रिकाम्या सभागृहात मला मंचावर उभं केलं आणि आपण शेवटच्या खुर्चीत जाऊन बसली. "आयकू नाही येऊन राहिलं!" तिथून ओरडली. माईकवाल्याशी ओळख काढली, पडद्याची वायर कुठं लागते ते पाहिलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला निघून गेली. "मी राह्यली तं तू माह्याकडं पायशीन. साहेबाकडं पाय."

दुसऱ्या दिवशी मी नमस्कार केला आणि थेट तुरीवर आले. एकाही मान्यवराचं नाव घेतलं नाही. मागून कुजबुज ऐकू आली, येऊ द्या! आणि काय सांगू, मधल्या साहेबांनी अगदी तोच प्रश्न विचारला. मिल शेवटी नवरेच चालवणार ना? मी म्हटलं, "मागच्या वर्षी विचारलं असतं तर हो म्हणावं लागलं असतं, साहेब. औंदा आमची चंद्रकलाकाकू मशीन शिकून आली आहे. ही बसली." साहेबांनी काकूकडं पाहिलं. काकू उठली, "हो जी," एवढंच म्हणाली, आणि धपकन खाली बसली. सभागृह हसलं, साहेबही हसले. निकाल लागला, मिल आमची झाली! मी तिथूनच मावशीला फोन लावला आणि किंचाळले. ती म्हणते, "मिलचं समजलं. चंद्रकला बोलली का?" मी म्हटलं, दोनच शब्द. "मंग काम बाकी हाये," म्हणाली, आणि फोन ठेवला.

ते काम आम्ही अजून करतो आहोत. शनिवारी मिल बंद केली की एकेक बाई पोत्यांच्या थप्पीपुढं उभी राहून बोलते, बाकीच्या झाडलोट करत ऐकतात. मावशी गेली त्या शनिवारी काकू आपणहून उठली. मावशीबद्दल बोलायला लागली... अचलपूरला जायच्या आधी मावशीनं तिला फोन करून काय सांगितलं, तिथं पहिल्या रात्री काकू स्वतः किती रडली, हे सगळं. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढ्यात काका तिला न्यायला आले. बाहेरून हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. एरवी काकू चप्पल अर्धवट पायात सरकवतच पळायची. त्या दिवशी तिनं दाराकडं वळून सगळ्यांदेखत म्हटलं, "थांबा जरा. माहं बोलनं व्हाचं हाये अजून."

काकांनी गाडी बंद केली, आत आले आणि एका पोत्यावर बसले. काकूनं पदर खोचला आणि म्हणाली, "तं मी काय सांगून राह्यली होती..."